भाऊरावांच्या फोनचा कौल

घाटकोपरच्या भटवाडीत दर रविवारी तिन्हीसांजेला भाऊरावांच्या खोलीबाहेर चपलांचा असा खच पडायचा, की नवख्याला वाटावं, आत सत्यनारायण आहे. आत होता एक मोबाइल. कोपऱ्यातून तडकलेला, लाल कापडावर ठेवलेला, हळदकुंकू वाहिलेला. माणसं त्याच्यापुढे हात जोडून बसायची आणि तो उजळला की कपाळ जमिनीला टेकवायची.

भाऊराव जुने गिरणी कामगार, मूळचे मालवणकडचे. चार महिन्यांपूर्वी वारले. तेराव्याला पानं मांडायची गडबड चालू असताना त्यांच्या फोटोशेजारी ठेवलेला फोन आपोआप उजळला, 'फोन अ‍ॅप बंद पडले आहे' अशी अक्षरं आली आणि गेली. दोन मिनिटांत त्यांचे गाववाले श्यामकांत धापा टाकत माळा चढून आले. लोकांनी त्यांना नवल सांगितलं. श्यामकांतांनी क्षणभर विचार केला, मग डोळे मिटले आणि म्हणाले, "भाऊराव अजून घरातच आहेत." तोवर खडे-अंगठ्या विकणारा हा गृहस्थ त्या एका वाक्यावर भगत झाला.

कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. श्यामकांतांनी पाकळ्यांच्या जागी फोन आणला. नियम साधा होता. प्रश्न विचारला आणि फोन शांत राहिला तर भाऊराव राजी, उजळून अक्षरं आली तर भाऊरावांचा नकार. फोनचा आवाज बंदच ठेवायचा, कारण पितरांना गोंगाट सोसत नाही. हे पितर पंचवीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभे होते, ही गोष्ट वेगळी.

"बा भाऊराया म्हाराजा, तुझ्या पायाशी तुझी लेकरां इलीत," अशी सुरुवात करून श्यामकांत लांबलचक गाऱ्हाणं घालायचे. एक हात छातीशी, दुसरा झोळीत, जपमाळेवर. प्रत्येक वाक्याला खोली म्हणायची, "व्हय म्हाराजा." शेजारच्या शकुने मुलाच्या लग्नाचं विचारलं, कोणी खोली विकायचं विचारलं. दोन आठवड्यांत लोकांना भाऊराव हयातीत कधी नव्हते इतके शहाणे वाटू लागले.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण भाऊरावांची बायको नलिनी हिचा डावा डोळा आधीपासूनच अधू, आणि आता उजव्यातला मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी थांबलात तर डोळ्यातला दाब वाढेल आणि गेलेली नजर परत येणार नाही. श्यामकांतांनी कौल लावला. फोन उजळला. पुढच्या रविवारी पुन्हा लावला, पुन्हा उजळला. मग श्यामकांतांनी झोळीतून स्वतःच्या नेत्रांजनाची बाटली काढली.

सून क्षमा पवईला एका मोबाइल कंपनीच्या हेल्पलाइनवर कामाला. दिवसभर लोकांना 'सेटिंग्जमध्ये जा' सांगून तिचा घसा बसायचा आणि घरी येऊन बघते तर तिच्या देव्हाऱ्यात बिघडलेला फोन पुजतायत. ती सासूशी बोलायला गेली.

"माका नको गो ऑपरेशन," नलिनी म्हणाली. "तेंनी दोनदा नाय म्हणान सांगल्यानी. चाळीस वर्षां तेंचा ऐकलंय, आता मोडू?"

क्षमाला राग आला आणि त्याहून जास्त गलबलून आलं. सासूला दिसत नव्हतं, पण नवऱ्याचं बोलणं ऐकू येत होतं, आणि तेच आपण तिच्याकडून काढून घ्यायचं? सुशांत, तिचा नवरा, म्हणाला, "जाऊ दे ना यार, आईला बरं वाटतं." त्याच्या या 'जाऊ दे'मध्ये आईचा डोळा जाणार होता, पण ते त्याच्या ध्यानात येईना.

आता गंमत बघा. पितर झाले तरी बॅटरी उतरायचीच. फोनला कोणी हात लावायचा नाही असा भगताचा दंडक होता, पण चार्जरला लावायचं काम तेवढं सुनेचं. एका सकाळी क्षमा वायर जोडत असताना फोन उजळला आणि तीच अक्षरं आली. कोणी काही विचारलेलं नव्हतं. मिनिटाभराने तिचा स्वतःचा फोन वाजला. गॅसवाला. म्हणाला, "भाऊराव काकांच्या नंबरवर लावला, कोणी उचलत नाही, म्हणून तुम्हाला केला."

गॅसची नोंदणी आणि बँकेचे ओटीपी त्या नंबरवर, म्हणून सुशांत तो अजून रिचार्ज करत होता. क्षमाने स्वतःच्या मोबाइलवरून सासऱ्यांचा नंबर लावला. सासरे उजळले. पुन्हा लावला, पुन्हा उजळले. भर सकाळी, अंगातल्या गाऊनवर, गाऱ्हाण्याशिवाय कौल मिळाला. कॉल आला की ते अ‍ॅप कोसळत होतं, एवढाच तो चमत्कार.

मग तिने हेल्पलाइनवर रोज सांगते तेच केलं. बंद करून चालू केला, फरक नाही. फोनमधली जागा सुप्रभातच्या मेसेजमधल्या गुलाबांनी शिगोशीग भरली होती, त्यामुळे फोन अ‍ॅपचं अपडेट अर्ध्यात अडकलेलं. गुलाब उडवले, सेटिंग्जमध्ये जाऊन कॅशे साफ केली, तरी नाही. शेवटी त्या अ‍ॅपची अपडेट्स काढून टाकली आणि नंबर लावला. फोन नीट वाजला. चार महिने न उघडलेली मिस्ड कॉलची यादी तिने उघडली, वाचली, आणि तोंडावर हात दाबून एकटीच हसली. जाताना आवाज मात्र पूर्ण वाढवून ठेवला.

रविवारी खोली भरली. क्षमाने खाली मान घालून विनंती केली, की आईंच्या डोळ्याचं एकदा शेवटचं विचारा, तिसऱ्यांदाही नकारच आला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. श्यामकांत प्रसन्न झाले. आज गाऱ्हाणं विशेष रंगलं. "नलिनीन डोळ्याक सुरी लावून घेवची काय, म्हाराजा?" म्हणून त्यांनी डोळे मिटले. जपमाळ हलली.

आणि देव्हाऱ्यात कोंबडा आरवला.

भाऊरावांनी हौसेने लावलेली ती रिंगटोन. कुकूचकू, कुकूचकू, अख्खी भटवाडी जागी होईल एवढ्या आवाजात. शकु दचकून मागच्या बाईच्या मांडीत बसली. श्यामकांतांचा झोळीतला हात बटणं शोधत चाचपडत होता आणि कोंबडा काही थांबेना.

"काका," क्षमा शांतपणे म्हणाली, "हात बाहेर काढा. हातातल्या फोनसकट."

सुशांतनेच झोळी ओढली. जपमाळेबरोबर बटणांचा एक छोटा मोबाइल बाहेर आला, त्याच्यावर भाऊरावांचा नंबर चालू. क्षमा शकुला म्हणाली, "मावशी, आईंना दिसत नाही. पडद्यावर काय आलंय ते मोठ्याने वाचा."

शकुने वाचलं, "श्यामकांत खडेवाला. उचलू नये."

क्षमाने यादी दाखवली. दर रविवारी कौलाच्या वेळेला हेच नाव, आणि सगळ्यात जुना कॉल तेराव्या दिवसाचा, श्यामकांतांनी कुठला माळा ते विचारायला खालून लावलेला. मग तिने सासूकडे पाहिलं. नलिनी खुदकन हसली आणि हसता हसता रडली.

"ह्यां बोलणां मात्र खरोखर तेंचांच," ती म्हणाली. "ह्याचो फोन इलो की असांच म्हणायचे. क्षमा, डॉक्टराक सांग, मी येतंय."

मागून कोणीतरी सवयीने म्हणालं, "व्हय म्हाराजा."

ऑपरेशन पंधरा मिनिटांचं होतं. पट्टी सुटल्यावर महिन्याभराने एकदा कोंबडा आरवला, तेव्हा नलिनीने फोन हातात घेतला, पडद्यावरची अक्षरं स्वतः वाचली आणि फोन पालथा घालून भाजी निवडायला बसली. नवऱ्याचा शब्द तिने याही वेळी मोडला नाही.

माणूस गेला की त्याचं बोलणं आठवणीत राहतं, बॅटरीत नाही. यंत्र बिघडलं तर दुरुस्त करावं, डोळा बिघडला तर डॉक्टर गाठावा. आणि एवढं करूनही कोणी तुमच्यापुढे चमत्कार मांडलाच, तर खुशाल बघा. फक्त त्याचा दुसरा हात कुठे आहे, ते आधी बघा.