पिवळ्या दोऱ्याचे बटण

"अगं ताई, चिंध्यांनासुद्धा इस्त्री?" छावणीतला दुभाषा सिल्वेस्त्र हसला. "बंदुका पुसायच्यात शिपायांना, लग्नाला नाही जायचं!"

"माशी अंडी घालते ओल्या कापडावर. इस्त्री नाही फिरवली की कातडीखाली अळी. मग मलाच शिव्या."

ओनोरीनने कोळशाची इस्त्री फुंकली आणि पुढचे फडके ओढले. निळा शर्ट होता. गळ्याचे बटण पिवळ्या दोऱ्याने शिवलेले. तिचा हात थांबला.

शेजारच्या आल्बेर्तीनने नवऱ्याच्या शर्टाबद्दल शंभरदा सांगितले होते. "निळा दोरा संपला होता गं. गास्पार म्हणाला, पिवळा चालेल, खाणीत कोण बघतंय!"

गावाची सोन्याची खाण चार महिन्यांपूर्वी परक्या शिपायांनी घेतली. सरकारने त्यांना बोलावले, परक्या देशाने पाठवले, पगार मात्र कुठलीशी कंपनी देई. काही झाले की तो देश म्हणे, आमचे कुणी तिथे नाहीच. ओनोरीनला त्याचे नवल नव्हते. त्यांचा एकेक गणवेश तिने धुतला होता. एकावरही नावाची पट्टी नव्हती, झेंडा नव्हता.

शिपाई आले त्या दिवशी खाणीत गेलेला गास्पार परतला नव्हता.

"सिल्वेस्त्र, हा शर्ट कुणाचा रे?"

त्याचे हसू मावळले. "चिंध्या कुणाच्या हे विचारायचं नसतं, ताई. तुला काम हवंय ना?"

तिने मान डोलावली. आणि शर्टाला इस्त्री केली. कॉलर, बाह्या, पाठ, सगळी. हाताला दुसरे काही सुचेना.

संध्याकाळी फाटकाबाहेर पडताना शर्ट तिच्या लुगड्याखाली पोटाशी बांधलेला होता.

आल्बेर्तीन अंगणात कसाव्याचे कंद कांडत होती. रोजच्यासारखेच तिने विचारले, "काही कळलं का गं, ताई?"

रोज ओनोरीन म्हणे, "विचारलं गं, कुणी सांगत नाही." चार महिन्यांत तिने एकदाही विचारले नव्हते. त्याऐवजी छावणीतले मासळीचे डबे आणून या पोरीला खाऊ घातले होते.

आज तिने शर्ट पुढे केला.

आल्बेर्तीनने बटणावर बोट फिरवले. रडली नाही. शर्टात तोंड खुपसून तिने खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. नुसता साबणाचा वास. मग मान वर केली.

"धुतलास?"

"सकाळी. ढिगातच होता. डाग... मला वाटलं, खाणीची लाल माती आहे. राख लावून घासला."

"सगळा निघाला?"

"सगळा."

गास्पार जन्मला तेव्हा त्याला पहिली आंघोळ ओनोरीननेच घातली होती. त्याचे रक्तही धुऊन टाकल्यावर ते आता कुठल्या तोंडाने सांगणार?

आल्बेर्तीनने अंगणात चटई अंथरली. प्रेत नसले की माणसाचे कापड ठेवून सुतक धरायचे, ही तिथली रीत. तिने शर्ट ठेवला आणि इस्त्रीची एकेक घडी तळव्याने मोडत गेली, अंगात घातल्यासारखा चुरगळेपर्यंत.

बायका जमल्या. येईल ती शर्टावर हात ठेवी, मग चटईवर सरकून बसे. ओनोरीनची पाळी आली. आल्बेर्तीनने तिच्यासाठी जागाही केली.

ओनोरीन उभीच राहिली, साबणाने पांढरे पडलेले दोन्ही हात पाठीमागे धरून.