तलावाकडे तोंड करून

लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, तरी देवीदासभाऊंनी बायकोला जेवताना पाहिलं नव्हतं. ती जेवत असावी असा त्यांचा अंदाज होता, कारण तिची तब्येत चांगली होती. अचलपूरजवळच्या त्यांच्या माळी घरात सत्यवतीबाई आधी नवऱ्याला वाढत. तो हात धुऊन ओसरीवर गेला, की मग स्वयंपाकघरात स्वतःचं ताट घेत. सून रूपाली नवऱ्याच्या शेजारी टेबलावर जेवायची. त्याबद्दल सत्यवतीबाईंचं काही म्हणणं नव्हतं. नियम त्यांचा त्यांच्यापुरता होता.

मुलगा शेखर आणि रूपालीनं दोघांना चिखलदऱ्याला, तलावाकाठच्या रिसॉर्टवर धाडलं, तेव्हा हा नियमही सोबत जाईल हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

पहिला दिवस सुखात गेला. देवीदासभाऊंनी तिथल्या झेंडूची पाहणी केली, पाणी जास्त होऊन राहिलं म्हणून तिथल्या माळ्याला ऐकवलं आणि खुर्ची टाकून तलावाकडे बघत बसले. तलाव काहीच करत नव्हता. भेंडीसारखा तो दिवसाआड तोडावा लागत नव्हता, की परतवाड्याच्या बाजारात न्यावा लागत नव्हता. हे त्यांना फार आवडलं. सत्यवतीबाईही शेजारी बसल्या होत्या, चक्क रिकाम्या हातानं.

संध्याकाळी बुफे होता. सत्यवतीबाईंनी नवऱ्याचं ताट भरून आणलं आणि त्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. वाढप्यानं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, त्यांनी ती परत सरकवली. देवीदासभाऊ नेहमीप्रमाणे सावकाश जेवले आणि हात धुऊन बाहेर गेले. तोवर भांडी उचलली गेली होती. बाईंनी खोलीत येऊन पिशवीतला चिवडा खाल्ला. सकाळच्या नाश्त्यालाही तेच झालं.

बाईंची गुडघ्याची गोळी तशीच पडलेली दिसली, तेव्हा देवीदासभाऊंना उलगडा झाला. गोळी उपाशीपोटी घ्यायची नव्हती. बाई मात्र पिशवी भरायला लागल्या होत्या. दुपारच्या एसटीनं घरी जाऊ म्हणाल्या.

भाऊंना अजून तलाव पाहायचा होता आणि तो एकट्यानं पाहण्यात मजा नव्हती. त्यांनी डोकं चालवलं. आपला आज उपास आहे, तू खुशाल जेव, असं जाहीर केलं. बाई म्हणाल्या, मग माझाही उपास. आता दोघंही उपाशी झाले.

"लोकांची लाज वाटते का वं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"लोकायची कायची लाज? तुमी पाहून राहिले, तं मले घास गिळवत नाई."

अडचण रिसॉर्टची असेल, बुफेची असेल, असं देवीदासभाऊंना वाटत होतं. ती आपण स्वतः असू, हे त्यांच्या मनात आलं नव्हतं.

दुपारी ते स्वतः दोन ताटं घेऊन रांगेत उभे राहिले. वाढप्यानं विचारलं, काय काय देऊ? बाजारातल्या कुठल्या गिऱ्हाइकाला कोवळी भेंडी लागते नि कुणाला निबर चालते, हे त्यांना तोंडपाठ होतं. बायकोला काय आवडतं ते मात्र आठवेना. आठवेना म्हणण्यापेक्षा, ते कधी माहीतच नव्हतं. त्यांनी सगळंच थोडं थोडं घेतलं.

तलावाकाठी एक बिनपाठीचा बाक होता. त्यांनी बाईंना तलावाकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः मोटारी उभ्या होत्या तिकडे तोंड केलं. पाठीला पाठ लागली.

"मी तिकडं पाहत नाई. जेव."

त्यांनी समोरच्या मोटारी दोनदा मोजल्या. मग मागं पापड मोडल्याचा आवाज आला. देवीदासभाऊंनी आपला पहिला घास तेव्हा घेतला.

थोड्या वेळानं खांद्यावरून एक ताट पुढं आलं. सगळं संपलं होतं. फक्त वांगं कडेला सारलेलं होतं, त्याला हातही लावला नव्हता. आपल्या वावरातली वांगी आजवर किती हौसेनं घरी आणली, ते देवीदासभाऊंना आठवलं. त्यांनी त्या वांग्याकडे नीट पाहून घेतलं.

"चांगलं नाई झालं का?"

"वांगं वांग्यासारखंच हाये," मागून उत्तर आलं. "तो भात अजून थोडा आना. अन् येताना इकडं पाहू नका."

ते उठले. वाढप्यानं भात वाढला आणि सवयीनं वर वांग्याची फोड ठेवली. देवीदासभाऊंनी ती उचलून बाजूला काढली.

"हे नको," ते म्हणाले. "तिले आवडत नाई."