सव्वादोन तासांचं विमान

पाद्रीबाबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं, तेव्हा इदालिनाने पुढे होऊन बापाच्या शवपेटीची पुढची कडी स्वतःच धरली.

"आता कुणासाठी थांबायचं नाही," ती म्हणाली.

तो कोपरा मुलाचा. गावात आजवर कुठल्या बाईने तो धरला नव्हता. चुलतभावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि उरलेल्या कड्या धरल्या.

मुलगा, आदेरितो, अजून रस्त्यातच होता. काल सकाळी वडील, बेल्मीरु, गेले तशी तिने जिनिव्हाला फोन लावला होता. जिनिव्हाहून इथे पोर्तुगालात, पोर्तोला, विमानाने सव्वादोन तास, पुढे गावापर्यंत बस. रात्रीच्या जेवणाला माणूस घरात. पण आदेरितोसाहेब निघाले मोटारीने, अख्खा फ्रान्स आणि अख्खा स्पेन तुडवत. का, तर विमानाने आलं की गावात शिरायचं बसमधून, आणि बसमधून उतरलेल्या माणसाकडे कॅफेतलं कुत्रंसुद्धा मान वर करून बघत नाही. नवी गाडी ऑगस्टच्या सुट्टीत मिरवायची होती. बाप मार्चमध्येच मेला, म्हणून आता.

दरवर्षी हेच. अकरा महिने तिकडे लोकांच्या भिंती रंगवायच्या आणि ऑगस्टमध्ये इथे चौकात गाडी उभी करून स्विस नंबरप्लेटवर फडकं मारायचं. गावात बांधलेलं घर तीन मजली, आत राहायला कोळिष्टकं. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय!

"ताई, मी येईपर्यंत थांबव सगळ्यांना," सकाळी तो स्पेनमधून म्हणाला होता. "बाबांना खांदा मीच देणार."

तिने पाद्रीबाबांच्या हातापाया पडून तासभर मागून घेतला होता. तोही सरला.

पेटी जड नव्हती. आजारपणाने बेल्मीरुंचं फारसं काही उरलंच नव्हतं, आणि गेली सहा वर्षं ती त्यांना उचलतच आली होती. दफन उरकलं. लोक पांगायला लागले, आणि तेवढ्यात दफनभूमीच्या फाटकाशी वरातीमागून घोडं आलं.

गाडी काळी, लांबलचक, लखलखती. इदालिना जवळ गेली. एवढ्या प्रवासाची धूळ तिच्यावर कुठेच नव्हती. दारांखालून पाणी ठिबकत होतं.

"धुतलीस?"

आदेरितोचे डोळे रडून सुजले होते. "खालच्या पंपावर. पाचच मिनिटं लागली, ताई. तशीच कशी आणणार होतो?"

तिला थुंकावंसं वाटलं. समोर बापाची कबर होती म्हणून गिळलं.

आई लोकांमधून वाट काढत आली, मुलाला कवटाळून रडली. आता ही विचारेल, विमानाने का नाही आलास, असं इदालिनाला वाटलं. निदान आईने तरी विचारावं. आईने डोळे पुसले. मग गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली आणि टपावरून हात फिरवला.

"तुझ्या बाबांनी सगळ्या कॅफेला सांगून ठेवलं होतं, नवी गाडी येतेय म्हणून," ती म्हणाली. "चल. चौकातून ने. हळू ने."

ती पुढच्या सीटवर बसली. इदालिनाने मागचं दार उघडलं.

"अगं, तू ये चालत," आई म्हणाली. "केवढी माती लागलीय तुझ्या बुटांना."