पंचेचाळीसचा आकडा आणि बाबांचा अंगठा

या बाळांनो, अशी जवळ सरकून बसा. माझा आवाज आता लांब पोचत नाही आणि सांगायची गोष्ट आहे भीतीची. भीतीची गोष्ट एकमेकांना खेटून ऐकावी, म्हणजे भीती सगळ्यांनी वाटून घेता येते.

मी एक जुना हवेचा पंप आहे. पायाने दाबायचा नव्हे. मी बॅटरीवर चालतो, मला वायर लागत नाही आणि माझा देह पाण्याच्या लहान बाटलीएवढा. एका बाजूला आखूड नळी, वर हवेच्या दाबाचे आकडे दाखवणारी काच. आकडा ठरवून द्यायचा, नळी सायकलच्या चाकाला लावायची, बटण दाबायचे. आकडा आला की मी आपला आपण थांबतो. मित्रांनो, हवा काही माझी नव्हे. ज्याने ती तुमच्या नाकपुड्यांत घातली, त्याचीच. मी नुसता हमाल.

माझ्या मालकीणबाई घरोघर जाऊन आजाऱ्यांच्या जखमा बांधणाऱ्या नर्स. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणतो. रोज सकाळी सायकलवर मागे लेकीला बसवायचे, तिला शाळेत सोडायचे आणि पुढे कामाला जायचे. त्या लेकीला घरात चिमणी म्हणत. वाटेत एक मोठा उतार होता. खाली अरुंद पूल आणि समोरून येणारे ट्रक.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. शेजारच्या आजींची चाकाची खुर्ची, पलीकडच्या बाळाची गाडी, पोरांचा फुटबॉल, सगळ्यांत मीच हवा भरली. एकटे ताईंचे वडील मला मान देत नसत. चाळीस वर्षे सायकली दुरुस्त केलेले गृहस्थ ते. दर सोमवारी ताईंनी माझ्याकडून हवा भरून घेतली की बाबा दाराबाहेर येत आणि चाकावर अंगठा दाबून बघत.

"बाबा, यंत्र आकडा दाखवतंय. आता त्या अंगठ्याला पेन्शन द्या," ताई म्हणत.

"पेन्शन घेतो की. पण कामावर येतो," बाबा म्हणत.

एके दिवशी घाईत माझ्या नळीचे टोपण पडले. कोणी शोधले नाही. सायकलच्या टोपलीत उघड्या नळीने मी हिंडू लागलो. रस्त्याची धूळ कणाकणाने आत जाऊन बसली आणि दाब मोजणारी माझी नाडीच बुजली. मित्रांनो, आपण खोटे बोलतो आहोत हे कळावे आणि तोंडातून मात्र खोटेच निघावे, यासारखी भीती नाही. ताईंनी ठरवून दिलेला आकडा पंचेचाळीस. एका सोमवारी काच म्हणे पंचेचाळीस, चाकात हवा साठच्या पुढे. त्या सोमवारी बाबांनी अंगठा लावला, "जरा घट्टच झालंय," म्हणून थोडी हवा सोडली आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्या सोमवारी बाबा तापाने अंथरुणावर होते. ताईंनी त्यांच्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला आणि तरीही त्यांचे मनगट धरून बसल्या.

"आकडा दिसतोय ना? मग मनगट कशाला धरतेस?" बाबांनी विचारले.

"सवय आहे. यंत्राचं काय, कधी चुकतंही."

"माझ्या मनगटाला एवढा मान, आणि चाकाने काय घोडं मारलंय?"

"झोपा आता. ताप तापासारखा घ्यावा माणसाने," ताई हसून म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

त्यांनी मला पुढच्या चाकाला लावले. मी गुरगुरू लागलो. तीस. चाळीस. ते टायर जुने, त्याच्या कुशीला भेग, हे मला जवळून दिसत होते. मला ओरडायचे होते, पण मला एकच आवाज दिला आहे आणि तो सगळ्यांना कामाचाच वाटतो. काचेवर पंचेचाळीस आले आणि मी थांबलो. आत सत्तर तरी होते. आज दाराबाहेर अंगठा नव्हता.

मी टोपलीत, पुढच्या चाकाच्या बरोबर वर. ऊन चढले होते. प्रत्येक खड्ड्याला चाक दगडासारखे आपटे आणि ती भेग थोडी उघडे. मागे चिमणी पाढे म्हणत होती. मी तिच्या आवाजाला धरून देवाला विनवत होतो, "माझा श्वास काढून घे, पण हे चाक फुटू देऊ नकोस."

उताराच्या तोंडाशी पुलावरून ट्रक येताना दिसला. ताई पाय टेकून थांबल्या. ट्रक गेला. तरी त्या निघाल्या नाहीत. ब्रेक धरलेल्या हाताच्या मनगटाकडे बघत राहिल्या.

"आई, शाळा!"

"थांब गं. तुझ्या आजोबांनी डोक्यात किडा सोडलाय."

त्या उतरल्या, वाकल्या आणि चाकावर अंगठा दाबला. चाक तसूभरही दबले नाही. मग त्यांना कुशीतला फुगवटा दिसला, सुपारीएवढा. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी हवा सोडली. तो फुसकारा मला देवाच्या नावासारखा वाटला. तो उतार मायलेकी चालत उतरल्या, सायकल हातात धरून.

संध्याकाळी ताईंनी मला बाबांच्या उशाशी ठेवले. "हा फसवा निघाला. भंगारात देते." माझे धाबे दणाणले.

बाबांनी चष्मा लावला आणि मला उलटसुलट पाहिले. "याचं टोपण कुठाय?"

"हरवलं कधीच."

"मग बाई, फसवा हा की विसरभोळी तू?"

बाबांनी नळी सोडवली, कागदावर आपटली. चिमूटभर धूळ पडली. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्यांनी मला टोपण केले. "बरा होईल. यंत्र लबाड नसतं, आजारी पडतं. त्याला बोलता येत नाही, म्हणून आपण हात लावून विचारायचं."

तो ताप बाबांना घेऊन गेला. त्यांनी केलेले टोपण अजून माझ्या नळीवर आहे. चिमणी आता स्वतः हवा भरते, आणि आकडा आला तरी वाकतेच.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मुक्या वस्तूंची टोपणे सांभाळा. आणि कधी चाकात हवा भराल, तेव्हा आकड्यावर विसंबून निघू नका. क्षणभर अंगठा टेकवा आणि त्या क्षणी आमच्या बाबांची आठवण काढा.