चौदा नंबरचा बिल्ला

"एक माणूस आत राहिलाय!" असं म्हणून काका उलट्या पावली जंगलात शिरले. मी तिकिटाच्या खिडकीतून ओरडले, "अहो काका, थांबा! सातच होते!" पण ऐकतील तर शपथ.

धबधब्यापर्यंतची फेरी करून आलेली ती सात माणसं फाटकाशी बसून पायांना चिकटलेल्या जळवा काढत होती.

आमच्याकडची पद्धत अशी. आत जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे फळीवर एक पत्र्याचा बिल्ला टांगायचा, तो परत आला की काढायचा. फळी रिकामी झाल्याशिवाय फाटक लागत नाही. बिल्ले काकाच टांगतात. तीस वर्षं तेच इथले वाटाडे. पुढे काका आणि सगळ्यांच्या शेवटी काकू, जळवांसाठी मिठाची पुरचुंडी घेऊन. वळण आलं की काका "होऽ!" अशी हाक देत, मागून काकूंची "होऽ!" आली की पुढे निघत. मागे वळून कधी बघायचे नाहीत. काकू म्हणायच्या, "बरंच आहे की. मी म्हातारी झालेली त्यांना अजून कळलं नाही!"

तीन महिन्यांपूर्वी काकू तापानं गेल्या. आठव्या दिवशी काका कामावर हजर. मी म्हटलं, थोडे दिवस घरी बसा. तर म्हणाले, "घरी बसून भांडू कुणाशी?"

मागच्या महिन्यात ते पाहुण्यांना भलत्याच वाटेनं घेऊन गेले होते. तेव्हा साहेबांनी तंबी दिली होती, आणखी एक चूक झाली की फेऱ्या बंद, कायमचं घरी बसायचं.

आणि आज सातही माणसं परत आली तरी फळीवर उरलेला हा एक बिल्ला. मी उठून फळीजवळ गेले. चौदा नंबर. कडेला चेपलेला, भोकात लाल दोरा. आपला पटकन सापडावा म्हणून काकूंनीच बांधलेला. सकाळी काकांनी सवयीनं तोही टांगला होता, आणि मी मेलीनं समोर बसून बघितलं नाही.

आतून हाक येत होती. "होऽ!" मग काहीच नाही. मग परत, जरा लांबून.

"आम्ही सगळे इथेच आहोत की," पाहुण्यांतली एक बाई म्हणाली. "ते शोधतायत कुणाला?"

मी बिल्ला काढला आणि तशीच आत पळाले. चिखलात एक चप्पल रुतली, ती तिथेच सोडली. पहिल्या वळणावर भिंतीएवढाल्या मुळांचं झाड आहे, त्याला हात लावून काका उभे होते.

"चला, काका."

"थांब गं. उत्तर येऊ दे."

मी बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी अंगठ्यानं दोरा चाचपला. वरून पानांतलं पाणी आमच्या डोक्यावर ठिबकत होतं.

"मीच टांगला?"

"हो."

"तरीच," ते म्हणाले. "आज वाटभर मागे कुणीतरी आहे असं वाटत होतं. बरं वाटत होतं गं."

मी त्यांचा हात धरून बाहेर आले.

साहेब फाटकाशी येऊन उभेच होते. "काय गोंधळ आहे हा? चूक कुणाची?"

"माझी," मी म्हटलं. "एक बिल्ला मीच जास्त टांगला."

काका तोंड उघडायला लागले, तर मी डोळे वटारले. साहेबांनी पाहुण्यांसमोर माझी चांगली खरडपट्टी काढली. या कानानं ऐकली, त्या कानानं सोडली.

पाहुणे गेले, साहेबही गेले. फाटक लावताना "आले सगळे" असं मोठ्यानं म्हणायचं असतं. तीस वर्षं काकाच म्हणतात. आज ते कडी हातात धरून वाटेकडे बघत राहिले.

"तू म्हण," शेवटी म्हणाले.

मी म्हटलं. त्यांनी कडी लावली, बिल्ला सदऱ्याच्या खिशात टाकला आणि घराकडे चालू लागले. रस्त्याच्या वळणावर मात्र थांबले आणि मागे वळून बघितलं.

मागे मी एकटीच होते. मी हात केला.