अंगातली देवी : एक अभ्यास

नांदुऱ्याच्या कॉलेजात शालिग्राम सरांनी नवा विषय काढला तेव्हा मुलांच्या त्यावर उड्या पडल्या. तत्त्वज्ञानाची गोडी वगैरे काही नव्हती. विषयाचं नाव 'भय, धर्म आणि नीती' असं भारदस्त होतं, पण तासाला भुताखेतांच्या गोष्टी सांगतात आणि वर त्याचे मार्क देतात, एवढीच बातमी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचली आणि पन्नास नावं पडली. सर तासिका तत्त्वावर होते. पोरं नाहीत तर विषय बंद, आणि विषय बंद तर सरही बंद. म्हणून पहिला महिना त्यांनी हडळी, मुंजे आणि पुराणातले नरक यांवर काढला. उकळत्या तेलाची कढई कोणत्या पापाला, हे मुली वहीत नीट उतरवून घेत होत्या. न जाणो, परीक्षेला आलं तर.

दुसऱ्या महिन्यात सर मुद्द्यावर आले. गोष्टीतल्या भुताला भिऊ नका, म्हणाले, त्याच्यामागे कोण उभं आहे ते बघा. ही भीती कुणाच्या कामाला येते? आणि काम चांगलं असेल तर भीती घालणं चांगलं ठरतं का? एवढं बोलून त्यांनी पंचवीस मार्कांचा प्रकल्प दिला. ज्याने त्याने आपल्या गावातली किंवा घरातली एक भीती घ्यायची आणि तिचा छडा लावायचा. कुणी चिंचेवरचा मुंजा घेतला, कुणी नाल्यातली बाई घेतली. प्रतीक्षाला लांब जायचं काम नव्हतं. तिच्या आईच्या अंगातच देवी येत होती.

प्रतीक्षाचं गाव मोताळ्याकडचं. घरचा धंदा भाजीपाल्याचा: मेथी, कोथिंबीर, वांगी. एकत्र कुटुंब, आणि त्यात शब्द चालायचा एकट्या रामरावांचा, म्हणजे प्रतीक्षाच्या मोठ्या काकांचा. माणूस वाईट नव्हता. फक्त आपण बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी देवाने जगाची वाटणी केली आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. धाकटा निवृत्ती, प्रतीक्षाचा बाप, या वाटणीत सुखाने ऐकणाऱ्यांच्या बाजूला बसला होता. आणि निवृत्तीची बायको गीताबाई तर ऐकणाऱ्यांच्याही मागे. भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बाईने तोंड उघडायचं नाही ही त्या घरची रीत. बावीस वर्षांत गीताबाई रामरावांशी एक वाक्य थेट बोलली नव्हती. भाजीच्या टोपल्या भरल्या हे त्यांना कळवायचं असलं तर ती पदर पुढे ओढून भिंतीला सांगायची, आणि रामराव ते भिंतीकडून ऐकायचे.

दोन वर्षांपूर्वी प्रतीक्षा बारावी झाली. आता पुरे, असं रामरावांनी ठरवून टाकलं. त्याच नवरात्रात अष्टमीच्या होमाला, भर दुपारी, सारं गाव अंगणात असताना गीताबाईच्या अंगात आली. केस सुटले, मान गरगरा फिरली, आणि जिने वीस वर्षं भिंतीशी संसार केला ती रामरावांकडे बोट करून एकेरीत कडाडली, "रामा, पोरीले पंधरावीपावतर शिकव. नांदुऱ्याच्या कॉलेजात टाक. पयल्या गाडीनं पाठव. नाही तं मी हे घर सोडतो." रामराव पाया पडले. दसऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी ते स्वतः कॉलेजात जाऊन नाव घालून आले. पुढे दिवाळीला मलकापूरकडून एक चांगलं स्थळ आलं, पोरगा नोकरीवाला, ओलिताची शेती. रामरावांना ते फार पटलं होतं. पण देवीचा हुकूम मोडायचा कसा? हात जोडून त्यांनी ते थांबवून ठेवलं. पंधरावी होताच, किंवा देवीने शब्दातून मोकळं करताच, बैठक घेऊ म्हणाले.

आता शालिग्राम सरांच्या तासाला बसलेल्या मुलीला या प्रकरणात काय दिसणार? देवीला एस.टी.चं वेळापत्रक पाठ होतं. मोताळ्यात कॉलेज असताना तिला नांदुराच हवा होता, कारण मोताळ्याच्या बाजारात रामराव रोज उभे असत. आणि पंधरावी म्हणजे बी.ए., हा हिशोब जगदंबेने कधी केला असेल? प्रतीक्षाने हे सगळं मुद्देसूद लिहून काढलं. आपण किती हुशार आहोत असं तिला दोन दिवस वाटत राहिलं.

मग मुलाखत घ्यायची म्हणून ती प्रश्नावली घेऊन आईसमोर बसली. गीताबाई कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. देवी येते तेव्हा काय वाटतं, काय आठवतं, हे प्रतीक्षाने पुस्तकी मराठीत विचारलं. आईने हातातली जुडी बांधून टाकली. मग म्हणाली, देवी गेली का आठ दिवस मान दुखते, तुहे बाबा तेल चोळतात, थे लिव्ह. आणखी काही नाही का, असं विचारल्यावर तिने उलटा प्रश्न केला की तुमच्या त्या विषयात शेवटी शिकवतात तरी काय. खरं काय ते बघायला आणि सांगायला शिकवतात, असं प्रतीक्षा म्हणाली. गीताबाईने मान हलवली आणि पुढची जुडी घेतली.

त्या संध्याकाळी निष्कर्षाचं पान लिहिताना प्रतीक्षाच्या ध्यानात आलं की आपण बसलो आहोत ती फांदीच तोडतो आहोत. देवी खोटी ठरली तर हुकूम खोटा, हुकूम खोटा तर कॉलेज बंद आणि मलकापूर सुरू. खोटं लिहावं तर नीतीच्या विषयात नापास व्हायची लायकी. शेवटी तिने खरं तेच लिहिलं: देवीच्या नावाने तिची आई बोलली. वही सरांच्या कपाटात जाणार, कोण वाचतं, असा तिने मनाशी सौदा केला.

सरांनी वाचलं, हाच घोटाळा झाला. इतका चांगला प्रकल्प त्यांना अख्ख्या नोकरीत मिळाला नव्हता. त्यांनी प्राचार्यांना सांगून सभागृहात सादरीकरण ठेवलं आणि पालकांना पत्रं धाडली. प्रवेशाच्या अर्जात पालक म्हणून रामरावांचं नाव होतं. 'आपल्या घरातील देवीविषयी आपल्या पाल्याने केलेल्या संशोधनाचे सादरीकरण योजिले आहे, तरी आपण सहकुटुंब उपस्थित राहावे.' रामरावांनी ओट्यावर बसून पत्र तीनदा वाचलं आणि गावाला अर्थ सांगितला की कॉलेजवाल्यांना आपल्या देवीचा महिमा समजला, ते तिचा सत्कार करणार आहेत.

प्रतीक्षा दुसऱ्या दिवशी धावत सरांकडे गेली. सादरीकरण रद्द करा, नाही तर माझं कॉलेज सुटेल, असं तिने रडत सांगितलं. सरांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण आता पत्रं गेली होती, प्राचार्यांनी हो म्हटलं होतं, आणि तासिकावाल्याने प्राचार्यांना नाही म्हणायचं म्हणजे काय असतं ते प्रतीक्षाला कुठून ठाऊक. सर म्हणाले की सत्याला घाबरायचं नसतं. आणि पुढे म्हणाले की ही तुझी अडचण म्हणजेच नीतीचा प्रश्न आहे, उत्तम उदाहरण आहे, प्रस्तावनेत घाल. त्या वेळी तिला त्यांच्या कपाळात प्रकल्पाची वही मारावीशी वाटली.

ठरल्या दिवशी सकाळी भाजीचा टेम्पो धुऊन त्याला झेंडूच्या माळा बांधल्या. एरवी गीताबाई मागे टोपल्यांवर बसायची. त्या दिवशी रामरावांनी तिला ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं आणि स्वतः निवृत्तीसोबत मागे उभे राहिले. सोबत नारळ, ओटीचं सामान आणि गावातल्या दहाबारा बाया. सभागृहात एवढा थाट शिरताना पाहून प्राचार्य चमकले, पण त्यांनी पुढाऱ्यांची पुष्कळ स्वागतं केली होती. त्यांनी लगेच पहिल्या रांगेत खुर्चीवर चादर घालायला लावली. गीताबाई त्या खुर्चीच्या काठावर पदर ओढून बसली. शालिग्राम सरांचा चेहरा उतरला होता, तरी त्यांनी प्रास्ताविक केलं.

प्रतीक्षा उभी राहिली आणि वाचायला लागली. भीतीचे प्रकार, श्रद्धेचं स्वरूप, अष्टमीचा प्रसंग. 'पोरीले पंधरावीपावतर शिकव' हे वाक्य आलं तेव्हा गावच्या बायांनी हात जोडले. निष्कर्षाच्या पानाशी ती थांबली. पाणी प्याली. पान उलटलं, परत मागे घेतलं. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. मग रामराव उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कौतुकच होतं.

"वाच नं बाई. अडली काऊन? तुह्या अभ्यासात काय निघालं थे सांग लोकाइले. देवी खरी आहे का खोटी?"

प्रतीक्षाने तोंड उघडलं. देवी खरी आहे असं खोटं सांगायचं तिने ठरवलं होतं, पण तेही बाहेर पडेना. तिने आईकडे पाहिलं. इकडे लेक खोटं बोलायला निघाली आहे हे आईला दिसत होतं, ज्या शिक्षणासाठी एवढं केलं त्याच शिक्षणाच्या जागी उभी राहून. गीताबाई खुर्चीवरून उठली. डोक्यावरचा पदर तसाच होता, मान सरळ होती, अंगाला कंप नव्हता. रामरावांकडे तोंड करून ती हळू पण स्वच्छ बोलली.

"दादा, देवी नव्हती थे. मी होती, गीता. पोरगी शिकावी असं मले वाटे. तुमच्यापुढं बोलाची आपल्यात रीत नाही, म्हणून देवीच्या नावानं बोलली. पोरीले नोका इचारू, जे काय इचाराचं थे मले इचारा."

बावीस वर्षांतलं पहिलं बोलणं. शालिग्राम सर पुढे सरकून बसले. असलं काही त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं नव्हतं.

रामराव मात्र तिच्याकडे टक लावून बघत राहिले. त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळत होतं, आणि प्रतीक्षाला ते जुळताना दिसत होतं. गीता? गीता तर भिंतीशी बोलते. भर सभेत, प्राचार्यांपुढे, भासऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून गीता बोलणार? ते धाकट्या भावाकडे वळले.

"निवृत्ती, तुही बायको अशी बोलन का रे कधी? हे कोण बोलून राह्यलं?"

निवृत्तीने टोपी हातात घेतली होती, ती तो फिरवत राहिला. कोण बोलत होतं हे त्या जागी त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दर नवरात्रानंतर आठ दिवस तोच तेलाची वाटी घेऊन बसत असे. त्याने बायकोकडे पाहिलं, मग टेबलामागे उभ्या लेकीकडे, मग खाली.

"देवीच आहे, दादा," तो म्हणाला.

रामरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि सभागृहाच्या फरशीवर लोटांगण घातलं. सत्त्व पाहून राह्यली माय, मी नाही मी नाही म्हणून परीक्षा घेते, चुकलो, असं काहीबाही ते बोलत होते. मागच्या बाया उठल्या. कुणीतरी उदो म्हटलं. प्राचार्यांनी चपला काढल्या. शालिग्राम सर उभे राहिले, बसले, परत उभे राहिले, आणि सगळे उभे असल्यामुळे तसेच राहिले.

गीताबाई त्या गर्दीत हलली नाही. "मी गीता आहे," ती आणखी एकदा म्हणाली. हे फक्त टेबलापर्यंत ऐकू आलं. नवऱ्याकडे तिने फार वेळ पाहिलं. मग तिने सावकाश, घरी काम संपल्यावर सोडते तसा, डोक्यावरचा पदर मागे सोडला, अंबाडा उलगडला आणि मान फिरवायला सुरुवात केली.

"रामा," देवी कडाडली, "पोरीच्या मधात येशीन तं पाह्य मंग."

"नाही येत माय, नाही येत," रामराव फरशीवरून म्हणाले.

प्रतीक्षाला भीती वाटली. महिनाभर हडळी आणि नरक ऐकून जी कधी वाटली नव्हती, ती आता वाटली. तिच्या आईने भर उजेडात, एवढ्या माणसांपुढे आपलं नाव सांगितलं होतं आणि ते कुणालाही नको होतं. बापाला नको होतं. आणि खरं बोलायचं तर या घटकेला तिला स्वतःलाही नको होतं, कारण कॉलेज वाचलं होतं. निष्कर्षाचं पान तिने घडी करून मुठीत धरलं.

पाया पडायला रांग लागली होती. रामरावांनी तिला हाक मारली, ये वं बाई, आशीर्वाद घे, देवी तुह्यासाठी आली. ती टेबलामागून बाहेर आली, चपला काढल्या आणि रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा देवीची मान क्षणभर थांबली. केसांआडून दोन दमलेले डोळे तिच्याकडे बघत होते.

"शिकशीन नं?" देवीने विचारलं.

"शिकीन, माय," प्रतीक्षा हात जोडून म्हणाली. एरवी ती तिला आई म्हणत असे.