पाचव्या दिवशी धुतलेले हात

मी एक जुनी पितळी वाटी आहे. मित्रांनो, माझ्या काठाला एक पोचा पडलेला आहे. तो पाहून कोणी मला मोडीत काढा म्हणेल. परंतु सदर पोचा हाच माझ्या आयुष्यातील मोठा मान होय.

निजामी अमदानीत परभणीच्या एका तांबटाने मला ठोकून घडविले आणि ताडकळसच्या बाजारात तानुबाई सुईणीने मला घेतले. बाळंतिणीला व बाळाला लावावयाचे तेल माझ्यात शेगडीवर कोमट होत असे. तानुबाई प्रथम एक थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून पाहत, व मगच बाळाला हात लावीत. अकरा वर्षांत त्यांच्या हातून एकाही बाळाला इजा झाली नव्हती, आणि हाच त्यांचा एकमेव अभिमान होता.

एका हिवाळ्यात गावात पाच घरी एकदमच पाळणे हलले. तानुबाईंनी प्रत्येक घरी बाळंतिणीचे अंग रगडावे, बाळाला न्हाऊ घालावे, शेक द्यावा, आणि बाळंतिणीचे रडणेही ऐकून घ्यावे. कोणी बसावयास सांगितले तर त्या म्हणत, "बसले तर उठणार न्हाई." सर्व जण हसत. मला मात्र हसू येत नसे. कारण त्यांच्या हातांची पकड दिवसेंदिवस सैल होत चालली आहे हे मला कळत होते.

शांतम्मा नावाच्या बाळंतिणीकडे तो पाचवा दिवस होता. तानुबाईंनी फडक्याने मला शेगडीवरून उचलले, आणि मनगटावर थेंब न टाकताच बाळावर कलते केले. बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला होता, आणि तेवढ्यात शेगडीवर तेल कढत झाले होते. शांतम्माच्या सासूबाई गौराबाई यांनी तत्क्षणी मला हाताने उडविले. मी दगडी उंबऱ्यावर आपटले. बाळ सुखरूप राहिले. पोचा मला पडला.

तानुबाई थिजून गेल्या. ही वार्ता पसरल्यास एकही दार आपणास उघडणार नाही, हे त्या जाणून होत्या. इतक्यात गौराबाईंनी तांब्याभर ऊन पाणी आणून त्यांना हात पुढे करावयास सांगितले. मित्रांनो, आमच्याकडे बाराव्या दिवशी सुईणीचे हात धुतात. तदनंतर तिचे त्या घरचे काम संपते.

तानुबाई म्हणाल्या, "अक्का, एका चुकीपायी हात धुवायलाव व्हय?"

गौराबाईंनी ते हात धुतले, पदराने पुसले. मग माझ्या तळाशी उरलेले तेल आपल्या मनगटावर टाकून पाहिले व तानुबाईंच्या तळहातांना चोळू लागल्या.

"पाच घरं तुमाला राबवून घ्यायलोत, अन् दमलाव का म्हून कुनी इचारलं न्हाई. दोन दिस लेकराला मी मळते. तुमी निजा."

बाजेवरून शांतम्मा म्हणाली, "आत्याबाई, मला कदी असं लाडानं तेल लावलं न्हाई तुमी."

तानुबाई हसल्या, मग रडल्या, आणि तशाच घोंगडीवर दुपारपर्यंत निजल्या. तोवर गौराबाईंनी उरलेल्या चारही घरी जाऊन तेथील आज्यांना कामास लावले. तिसऱ्या दिवशी तानुबाई परतल्या, तेव्हा पहिला थेंब त्यांनी मनगटावरच टाकला. आणि त्या पाचही घरी वाटीतले शेवटचे तेल सुईणीच्या हातांसाठी राखण्याची रीत पडली.

आता मी कोनाड्यात असते. माझ्यात गुंड्या ठेवतात. त्याची खंत नाही. विनंती एवढीच, मित्रांनो, की तुमच्या घरी कोणी आजाऱ्याची सेवा करावयास येत असेल, तर काम सरण्याची वाट न पाहता तिचे हात एकदा आपल्या हातात घ्या. वाटीत थोडे तेल राहू द्या.